जेलचा वरचा तुकडा

रेघ ह्याही वेळी आली नाही. ताईनं मशीनच्या पडद्यावरचा उजेड कमी केला, जास्त केला, चष्मा काढून ओढणीनं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग स्वतःशीच पुटपुटली, की आता फक्त चष्म्याला दोष द्यायचं बाकी राहिलंय. पडद्याच्या डाव्या बाजूला निरोगी माणसाच्या प्रथिनाची रेघ होती, फिकट का होईना, पण होती. उजव्या बाजूला, जिथं तिच्या धाकट्या भावाची रेघ यायला हवी, तिथं नुसता करडा पडदा, धुतलेल्या फरशीसारखा स्वच्छ.

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. ही भावाची करणी. तपासणीसाठी रक्त द्यायला पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं व्हरांड्याच्या त्या टोकापासून "ताई, इथं बाथरूम कुठंय?" अशी हाक मारली होती आणि ती अख्ख्या मजल्यानं ऐकली होती. तेव्हापासून ती जगाची ताई झाली. भावाचं घरातलं नाव रांजण. पाळण्यातून उतरला तो पाण्याच्या भांड्याशीच गेला, असं आई सांगायची. घटाघटा पाणी प्यायचं आणि लगेच मोरीकडे धावत सुटायचं, हा त्याचा दिवस आणि हीच त्याची रात्र. लहानपणी सगळे हसायचे, तोही हसायचा. वय वाढलं तसा आजारही वाढला, आणि हसणारे एकेक करून गप्प झाले.

आजाराचं मूळ सांगायला सोपं आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात पाण्यासाठी दारं असतात. ही दारं म्हणजे अक्वापोरिन नावाची प्रथिनं. हे मोठं खानदान आहे. एक भावंड डोळ्याच्या भिंगात राहतं, ते बिघडलं की जन्मतःच मोतीबिंदू होतो. एक मेंदूत राहतं. शरीराचीच संरक्षक फौज कधीकधी त्याला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते आणि धडधाकट माणसाची नजर जाते. एक लाळेच्या ग्रंथीत. आणि एक मूत्रपिंडात, पाणी वाया जायच्या आत परत अंगात घेणारं. रांजणचं हे शेवटचं बिघडलेलं होतं. ताईनं त्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, की मग आपल्या घरासारखंच आहे की, बाकीचे ठीक आणि धाकटा वाया गेलेला. ती त्याच्यावर खेकसली होती. पण मान वळवून हसलीही होती.

रांजण क्रेन चालवायचा. इमारती बांधतात तिथं आभाळात मान काढून उभी असते, तसली उंच क्रेन. शिडी चढून एकदा केबिनमध्ये बसलं की मधल्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही. तो वर जाताना पाण्याचे कॅन घेऊन जायचा आणि उतरताना दुसरे कॅन घेऊन यायचा. कुठला कॅन उघडायचा नाही हे साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि नव्या माणसाला ते मुद्दाम कुणी सांगायचं नाही. त्याचा हात असा, की लोखंडी तुळई खालच्या माणसाच्या पुढ्यात चहाचा कप ठेवावा तशी ठेवायचा. मग नवा साहेब आला. केबिनमध्ये बाटल्या, कॅन काही चालणार नाही म्हणाला. आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून रांजणला वर घेरी आली. तुळई हवेत तशीच थांबली, कुणाला काही झालं नाही, पण त्याला खाली आणून फाटकावर बसवलं. बरा झालास की परत चढ, तोवर तुझी जागा राखून ठेवतो, एवढं मात्र साहेब म्हणाला.

बरं व्हायचा एकच रस्ता दिसत होता. इस्पितळातल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाई एक नवं औषध देऊन बघणार होत्या. काही रुग्णांमध्ये पाण्याचं दार तयार होतं, पण जरा वाकडं. पेशी ते वाकडं दार पडद्यापर्यंत जाऊच देत नाही, आतच अडकवून ठेवते. ह्या औषधानं वाकडं दार थोडं सरळ होऊन जागेवर पोचेल अशी आशा होती. मात्र दार मुळात तयार तरी व्हायला हवं. ज्याच्यात ते घडतच नाही त्याला औषध देऊन काय उपयोग? घडतं की नाही हे सांगायचं काम ताईच्या सरांच्या प्रयोगशाळेचं, म्हणजे शेवटी ताईचं. तिनं रांजणचं जनुक ताटलीतल्या पेशींमध्ये घातलं, पेशी वाढवल्या, आणि त्यांनी त्या जनुकावरून काय बनवलं ते जेलवर बघितलं. जेल म्हणजे खरवसासारखा मऊ थर, त्यातून प्रथिनं विजेनं खाली ओढायची; प्रथिन असलं की त्याची रेघ उमटते. काही नाही. उत्तर गेलं: प्रथिन आढळत नाही. ते भावाला सांगायला ती स्वतः गेली. तो "बरं" म्हणाला आणि पेलाभर पाणी प्यायला. आदळआपट केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ती ते उत्तर खोटं ठरवायच्या मागे लागली होती, आणि उत्तर काही हटत नव्हतं. नव्या पेशी, नवी रसायनं, नवा जेल, आणि शेवटी तोच करडा पडदा. औषध द्यायच्या रुग्णांची यादी ह्या शुक्रवारी बंद होणार होती. त्यानंतर डॉक्टरीणबाई नवा रुग्ण घेणार नव्हत्या.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं. सर वाईट नव्हते, पण समजावताना पेन असं हळूहळू फिरवायचे की समोरच्याचं डोकं फिरावं. त्यांचं म्हणणं, की प्रयोगानं उत्तर दिलंय, ते तिला आवडलेलं नाही एवढंच. नात्यातलं काम दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता आठवडा संपेपर्यंत काय ते कर आणि मग आधीचं रखडलेलं काम हातात घे. ताई मान डोलावून बाहेर आली आणि जिन्यात उभं राहून तिनं मनातल्या मनात सरांना, पेनला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या देऊन घेतल्या.

परत टेबलाशी आली तर ठोकळा जागेवर नाही. ठोकळा म्हणजे सँपल उकळायचं यंत्र, भोकाभोकांचा तापलेला लोखंडी ठोकळा. जेलमध्ये घालण्याआधी प्रत्येक सँपल त्यात उकळायचं, ही ह्या प्रयोगशाळेची जुनी रीत. सर स्वतः तरुणपणी रक्तातल्या प्रथिनांवर काम करायचे तेव्हापासूनची. इथं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, उकळा, गार करा, जेलमध्ये घाला. हात धुण्याबद्दल जसं कुणी विचारत नाही तसं ह्याबद्दलही कुणी विचारत नव्हतं. तर तो ठोकळा टेबलशेजारणीनं उचलून नेला होता. आपल्या टेबलावर मांडून, त्यात आपल्या नळ्या खोचून, कानात गाणी लावून ती बसली होती. ताईनं विचारलं तर म्हणाली, अजून बराच वेळ लागेल, आणि तुझं तसंही रिकामंच येतं ना?

तिनं ते काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायचं तर भांडण रंगलं असतं, शेजारीणही काही कमी नव्हती. ताई भांडली नाही. ती आपल्या जागी आली आणि म्हणाली, खड्ड्यात गेला तुमचा ठोकळा. रिकामंच यायचं तर उकळून येऊ दे नाहीतर न उकळता. तिनं नळ्या तशाच उचलल्या आणि गार सँपलच जेलमध्ये घातली. निरोगी प्रथिन डावीकडे, भावाचं उजवीकडे.

दुपारी ती मशीनसमोर उभी राहिली तेव्हा बघायची इच्छाही नव्हती. बघून फेकून द्यायचं आणि घरी जायचं, एवढंच ठरवलं होतं.

उजवीकडे रेघ होती. फिकट नाही, आहे की नाही असा भास नाही, चांगली जाड काळी रेघ, काजळाचं बोट ओढल्यासारखी. डावीकडची निरोगी रेघसुद्धा आजवर दिसली नव्हती इतकी काळी. ताईला आधी वाटलं आपण सँपलची अदलाबदल केली. नळ्या तपासल्या, बरोबर होत्या. मग ती स्टुलावर बसली. काय झालंय ते तिला हळूहळू कळू लागलं.

अंडं उकडलं की घट्ट होतं. परत पातळ होत नाही. पडद्यात राहणाऱ्या प्रथिनांचंही तसंच. ती तेलकट स्वभावाची, पाण्यात न रमणारी. त्यांना उकळलं की एकमेकांना घट्ट धरून त्यांचे गठ्ठे होतात. निरोगी प्रथिन धट्टंकट्टं, ते उकळूनही थोडंफार सुटं राहायचं आणि फिकट रेघ द्यायचं. म्हणून तर पद्धत बरोबर आहे अशी सगळ्यांची समजूत झाली. भावाचं प्रथिन आधीच वाकडं, ते सगळंच्या सगळं गोळा होऊन जेलच्या तोंडाशी अडकायचं, खाली उतरायचंच नाही. आणि जेलचा तो वरचा मऊ तुकडा? तो फक्त सँपल रांगेत लावण्यापुरता असतो. पुढच्या पायरीआधी प्रत्येक जण तो पात्यानं कापतो आणि टोपलीत टाकतो. तिनंही टाकला होता, दर वेळी, अगदी सफाईनं.

खात्री केल्याशिवाय तिला चैन पडेना. आधी उकळलेलं थोडं सँपल फ्रिजरमध्ये शिल्लक होतं. ते तिनं नव्या जेलवर चालवलं, आणि ह्या वेळी वरचा तुकडा कापलाच नाही. तो होता तसा पुढे नेला. पडद्यावर वरच्या कडेला, जेलमध्ये सँपल सोडतात त्या भोकाच्या तोंडाशी, काळाकुट्ट डाग चिकटून बसला होता. आणि खाली नेहमीसारखंच काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही चित्रं सरांसमोर ठेवली. सरांनी ती बराच वेळ बघितली. पेन फिरवायचं थांबलं होतं. मग ते म्हणाले, की एका जेलवरून काही बोलता येत नाही. सँपलमध्ये दुसरं काही मिसळलेलं असू शकतं. घाईत असं होतं. आणि मनाला जे हवं असतं ते माणसाला दिसतं, विशेषतः घरच्या माणसाच्या बाबतीत. तू बहीण आहेस, हे विसरून चालणार नाही.

"रिकामं आलं तेव्हा मी बहीण नव्हते का?" ताई म्हणाली. "तेव्हा एका शब्दानं कुणी विचारलं नाही मला. तेव्हा माझा हात चोख होता आणि आता नाही?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, की ठीक आहे, पण आता तुझ्या हातानं नको. शेजारीण करील. कुठल्या नळीत काय आहे ते तिला सांगायचं नाही, निम्मी उकळायची, निम्मी नाही, आणि ताईनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ताई कबूल झाली. दुसरं करणार काय होती?

गुरुवार तिनं खालच्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये काढला. चहा मागवला, तो गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. शेजारीण तिकडे काय करत असेल ह्याचा विचार करून जीव टांगणीला लागला होता. तिनं वेळ नीट धरला असेल का, पात्यानं सवयीनं वरचा तुकडा कापून टाकला तर नसेल? दोनदा जिन्यापर्यंत जाऊन ती परत आली. कॅन्टीनवाल्यानं विचारलं, कुणी इस्पितळात आहे का. ती म्हणाली, असंच समजा.

संध्याकाळ व्हायच्या आत शेजारीण स्वतःच खाली आली. कानात गाणी नव्हती. समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, की न उकळलेल्या प्रत्येक रांगेत रेघ आहे. उकळलेल्यात वर चिकटलंय. सरांनी डॉक्टरीणबाईंना फोन केलाय, भावाचं नाव यादीत घेतलंय त्यांनी. मग ताईचा गार चहा आपल्याकडे ओढून ती प्यायली. ठोकळ्याबद्दल मी त्या दिवशी बोलले ते मनात ठेवू नकोस, असंही म्हणाली. ताई रडली ती तेव्हा. शेजारणीचा हात धरून, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांदेखत.

शुक्रवारी ती साइटवर गेली. रांजण फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता, पायाशी कॅन. इथं कॅनला कुणाची हरकत नव्हती, एवढाच काय तो फायदा, असं तो म्हणायचा. ताईनं त्याला सगळं सांगितलं, उकळणं, गठ्ठा, वरचा तुकडा, फोन. ती बोलायची थांबली तेव्हा बाहेर क्रेन फिरण्याचा आवाज येत होता. वर दुसरा कुणी बसला होता. उत्तर 'नाही' असं आलं तेव्हा रांजणनं आपण होऊन साहेबाला सांगितलं होतं, की माझी जागा उगाच अडवून ठेवू नका, द्या कुणाला तरी. हे त्यानं ताईला आज पहिल्यांदा सांगितलं, तेही पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं.

"म्हणजे ते होतं," तो म्हणाला. "इतके महिने होतं. आणि तुम्ही ते कापून टोपलीत टाकत होतात."

"हो," ताई म्हणाली.

त्यानं पेला भरला, रिकामा केला, परत भरला. ताईला वाटलं आता बरसणार, आणि बरसावं असंच तिला वाटत होतं. औषध लागू पडेल का, परत वर चढता येईल का, हे काहीच त्यानं विचारलं नाही.

"मला 'नाही' म्हणालात, तसं आणखी कुणाकुणाला म्हणालात?"

उत्तर ताईला ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये हाच विषय निघाला होता, सरांनीच काढला होता. प्रयोगशाळेनं आजवर अशी बरीच 'नाही' दिली होती, ह्याच खानदानातल्या दुसऱ्या प्रथिनांवर, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या रुग्णांसाठी. सगळी उकळून. ती परत तपासायची म्हणजे जुन्या छापून आलेल्या लेखांना हात लावणं आलं, लोकांना तोंड देणं आलं. सर म्हणाले होते, की ते सवडीनं बघू, एवढ्यात कुठं बोलू नकोस. आणि ताई हो म्हणाली होती. भावाचं काम झालं होतं, त्या घडीला ती कशालाही हो म्हणाली असती.

"त्यांची ताई नसेल ना तिथं कामाला," रांजण म्हणाला. आवाज चढवून नाही. फाटकाशी गाडी आली म्हणून तो उठला, दांडा वर केला, गाडीवाल्याला हात केला आणि कॅन उचलून बाथरूमच्या दिशेनं निघून गेला.

ती त्याची वाट बघत थांबली नाही. तिथून निघाली ती थेट प्रयोगशाळेत. फ्रिजरचं दार उघडलं, सगळ्यात खालचा खण ओढला, बर्फ खरवडून मागचे जुने डबे बाहेर काढले. झाकणांवर नावं नव्हती, नुसत्या खुणा. आत बारीक बारीक नळ्या, न उकळलेल्या, कधी लागल्या तर असाव्यात म्हणून ठेवून दिलेल्या. प्रत्येकीमागे कुणीतरी "बरं" म्हणून पेलाभर पाणी प्यायलेलं असणार. डबे टेबलावर मांडताना बोटं बधिर झाली.

शेजारीण मागे येऊन उभी राहिली. डबे बघितले, ताईकडे बघितलं. हळूच म्हणाली, सर तर सवडीनं म्हणालेत ना?

"मला आहे सवड," ताई म्हणाली, आणि तिनं पहिली नळी वितळायला ठेवली.

शेजारणीनं आपल्या टेबलावरचा ठोकळा उचलला, त्याची वायर काढली आणि तो कपाटात ठेवून दिला. हातमोजे चढवून ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि दुसरा डबा आपल्याकडे ओढला.